पासष्ट टक्के डॉक्टर

शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. दोन्ही काठांना पाणी तेच, ऊस तोच, आणि सोयरिकी तर इतक्या की कुठल्याही लग्नात निम्मं वऱ्हाड पुलावरून आलेलं असतं. पण लोकसभेला शिरूरकर शिरूर मतदारसंघात मत देतो आणि दौंडकर बारामतीत. त्यामुळे पलीकडच्या पाहुण्याशी बोलताना इकडचा माणूस आपोआप मुत्सद्दी होतो. आधी पाऊसपाणी, मग एकरी किती टन पडलं, मग चहा, आणि निघताना चपला घालता घालता, आत्ताच आठवल्यासारखं, "तुमच्याकडं काय वातावरण?" उत्तरही तयारच असतं, "बघू, आत्ताच काय सांगता येत न्हाय." चर्चा सौहार्दपूर्ण वातावरणात पार पडते. संयुक्त निवेदन तेवढं निघत नाही.

एवढं शिक्षण घरबसल्या फुकट मिळत असताना माझ्या भाच्याला याच विषयात पीएचडी करायची हुक्की आली. माझी बहीण नदीपलीकडं दिलेली. दाजींचा ऊस आणि कांदा. पोरानं पुण्यात राज्यशास्त्रात एमए केलं, आणि एका संध्याकाळी जेवणाच्या ताटावर जाहीर केलं, की जर्मनीतल्या एका विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पीएचडीची जागा निघाली आहे, आणि ती फंडेड आहे.

पीएचडी या शब्दाला आता आमच्याकडं कुणी बिचकत नाही. पीएचडीवाला डॉक्टर इंजेक्शन देत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक झालंय. तो विनोद फक्त विनोदी लेखकांच्या संग्रही उरला आहे. 'आंतरराष्ट्रीय' या शब्दाचंही कुणाला अप्रूप वाटलं नाही. घर अडलं ते 'फंडेड'वर.

"म्हंजी?" दाजींनी विचारलं.

"म्हणजे मी तिथं संशोधन करायचं, आणि त्याचा ते मला पगार देणार."

"शिकणार तू, अन् पैसं देणार त्ये?"

"हो."

दाजींनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "अन् त्यात त्येंचा काय फायदा?"

हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असं मला त्या वेळी वाटलं. नंतर जसजसा या प्रकरणात शिरत गेलो, तसतसं लक्षात आलं की या विषयातल्या बऱ्याच जाड पुस्तकांत एवढाच एक प्रश्न निरनिराळ्या टोप्या घालून बसलेला आहे.

आणि दाजींचा संशय काही हवेतून आला नव्हता. आमच्या पिढीनं शिक्षणातला पैसा एकाच दिशेनं वाहताना पाहिला आहे. बालवाडीला प्रवेश घ्या, पैसे भरा. डीएड करा, पैसे भरा. बीएड करा, आणखी भरा. पुढं शिक्षकाची जागा निघाली की संस्थेच्या इमारतनिधीला यथाशक्ती हातभार लावा, आणि यथाशक्तीचा आकडा संस्थाच सांगते. अशा मुलखात कुणीतरी परका माणूस उठून 'तू शीक, पैसे मी देतो' म्हणाला, तर माणसं पेढे वाटत नाहीत, सावध होतात. शेजारच्या तात्यांनी लगेच तपासणी सुरू केली. "आधी पैसं भरायला लावलं का? न्हाय? मंग लावतील. वोटीपी मागितला का? कुणाला दिऊ नको." भाच्यानं जाहिरात दाखवली. तात्यांनी चष्मा लावून ती खालपर्यंत वाचली, इंग्रजी असल्यामुळे अधिक आदरानं वाचली, आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. "हे पासष्ट टक्के काय हाय?"

इथं खरी गंमत सुरू झाली. जर्मनीत पीएचडीचं पद तिथल्या सरकारी वेतनश्रेणीत बसवतात. श्रेणीचं नाव ई-१३. पण अशा विषयांत पीएचडी करणाऱ्याला पूर्ण पद क्वचितच देतात. कुठं पन्नास टक्के, कुठं पासष्ट. म्हणजे पगार पासष्ट टक्क्यांचा. काम अर्थातच शंभर टक्क्यांचं, कारण प्रबंध पासष्ट टक्के लिहून चालत नाही.

"मंग वरचे पस्तीस कुठं जात्यात?" दाजींनी विचारलं.

"ते नसतातच."

"आमच्या टायमाला पस्तिसात मॅट्रिक सुटायची," दाजी म्हणाले, "अन् हे लोक तेवढं कापून घेत्यात."

तेव्हापासून गावात भाच्याचं नाव पासष्ट टक्के डॉक्टर असं पडलं. निवड व्हायच्या आधीच पदवी मिळण्याची आमच्याकडं जुनी पद्धत आहे. आमदारकीच्या इच्छुकांना आम्ही भावी आमदार म्हणून फ्लेक्सवर चढवतोच की.

बाकीच्या देशांच्या तऱ्हा वेगळ्या. नॉर्वे-स्वीडनमध्ये पीएचडी करणारा हा विद्यापीठाचा रीतसर नोकर असतो, त्याला पगारी रजा मिळते. अमेरिकेत चांगली विद्यापीठं साधारण पाच वर्षांचा खर्च उचलतात आणि त्याबदल्यात पदवीच्या पोरांचे तास घ्यायला, पेपर तपासायला लावतात. हे ऐकल्यावर दाजींना जरा बरं वाटलं. "हां, म्हंजी सालगडीच. मंग ठीक हाय." फायदा कुणाचा ते कळल्याशिवाय आमच्याकडं व्यवहाराला बरकत येत नाही.

आता या पोरानं आंतरराष्ट्रीय संबंध शिकायला इतक्या लांब जायचं काय कारण, हा बहिणीचा प्रश्नही मला बिनतोड वाटला. कारण ते संबंध आमच्याकडं कधीचे येऊन राहिलेत. शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, इंग्रजांची छावणी होती. तिथला कर्नल वॉलेस १८०९ साली वारला, आणि मागं आख्ख्या पंचक्रोशीचं दैवत होऊन बसला. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात नोंद आहे की आसपासचे लोक त्याला 'सत्पुरुष' म्हणत, त्याच्या थडग्याला भजत, आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य दाखवत. परदेशी सैन्याच्या अधिकाऱ्याशी संबंध सुधारण्याचे प्रयत्न जगात अनेकांनी केले असतील, पण त्याला नैवेद्यावर आणून ठेवणारं परराष्ट्र धोरण घोडनदीलाच सुचलं.

रांजणगावचं बघा. अष्टविनायकांतला महागणपती एका बाजूला, आणि एमआयडीसी दुसऱ्या बाजूला. तिथं कोरियाची एलजी आहे, अमेरिकेची व्हर्लपूल आहे, चीनची हायर आहे, इटलीच्या फियाटचा टाटांबरोबरचा कारखाना आहे. त्या कारखान्यात बनलेली अमेरिकन नावाची जीप इथून जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत गेली. २०२० साली गलवानमध्ये चकमक झाली तेव्हा आमच्याकडच्या पोरांनी चिनी मालावर बहिष्काराचं स्टेटस ठेवलं. ज्यांची पहिली पाळी होती ती स्टेटस ठेवून कंपनीच्या बसमध्ये बसली. यात कुणाला विसंगती दिसत असेल तर त्यानं मोठ्या देशांच्या व्यापाराचे आकडे पाहावेत. सरकारंही नेमकं असंच वागतात, फक्त त्यांच्याकडं बस नसते.

पण आमचा खरा परराष्ट्रमंत्री म्हणजे कांदा. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. त्याआधी ऑगस्टमध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क लावलं होतंच. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण सोबत चाळीस टक्के शुल्क पुन्हा आलं. सप्टेंबरात ते वीस टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून गेलं. हे सगळे आकडे मी पुस्तक उघडून दिलेत. दाजी न उघडता देतात, आणि प्रत्येक आकड्यासोबत त्या दिवशी चाकणला आणि शिरूरला काय बाजार निघाला तेही सांगतात. बांगलादेश हे आपल्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक. २०१९ च्या सप्टेंबरअखेर अशीच अचानक बंदी आली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. त्यांनी व्यापाऱ्यांच्या सभेत भरल्या दरबारी सांगितलं, की मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हटलंय. आणि पुढच्या वेळी बंदी घालायची तर जरा आधी सांगत जा. सभेत हशा पिकला. आमच्या वस्तीवर पिकला नाही, कारण आधी सांगा ही मागणी आमचीही होती, आणि आम्ही तर याच देशाचे मतदार.

उसाची कथा आणखी वरच्या पातळीवरची. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी जागतिक व्यापार संघटनेत भारतावर दावा लावला, की तुम्ही साखरेला नियमापेक्षा जास्त मदत करता, आणि त्या मदतीत शेतकऱ्याला उसाला मिळणारा किमान दर, म्हणजे एफआरपीही त्यांनी धरला. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला. भारतानं अपील केलं. आणि अपील जिथं केलं त्या मंडळावर २०१९ च्या डिसेंबरपासून पुरेसे सदस्यच नाहीत, कारण अमेरिका नव्या नेमणुका होऊ देत नाही. भाच्यानं हे समजावून सांगितल्यावर दाजींच्या चेहऱ्यावर आपल्या सरकारविषयी प्रथमच निखळ कौतुक उमटलं. "म्हंजी जिथं जज्जच न्हाई तिथं अपील टाकलं?" दौंडच्या कोर्टात बांधाची केस वर्षानुवर्षं लढलेल्या माणसाला या डावपेचाची जी किंमत कळली, ती जिनिव्हात बसलेल्या कितीकांना कळली असेल, मला शंका आहे.

इतकी शिदोरी असून भाच्याच्या अर्जाचा पहिला खर्डा मात्र असा सुरू झाला : मला लहानपणापासूनच जगातील घडामोडींविषयी कुतूहल वाटत आले आहे. दाजींनी तो ऐकून घेतला. "लहानपणी तुला फकस्त धोनीचं कुतूहल व्हतं," एवढंच बोलले. मग त्यानं विषयाची पुस्तकं काढली आणि घरात सिद्धांत येऊ लागले. पहिला आला वास्तववाद. केनेथ वॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९७९ मध्ये मांडलं, की देशांच्या डोक्यावर कुणी मालक नसतो, म्हणून प्रत्येक देश आपापलं राखायला बघतो.

"कालव्यावर मालक हाय," दाजी म्हणाले. "पाटकरी हाय, इंजिनेर हाय, वर कालवा समिती हाय. तरी बी जो तो आपलंच बघतो. मंग मालक नसल्यामुळं बघत्यात असं कसं म्हणतो त्यो?"

खडकवासल्याचं पाणी कालव्यानं दौंड-इंदापूरला येतं, आणि वाटेत पुणे नावाची एक महासत्ता आहे. आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार आणि शेपटाला पोचेपर्यंत त्यातलं किती उरणार, यावर जी बोलणी होतात त्यांत वॉल्ट्झही सापडतो आणि त्याचे विरोधकही. बदल्यात पुणं आपलं सांडपाणी मुळा-मुठेतून आमच्याकडं धाडतं, म्हणजे एकतर्फी व्यवहार आहे असंही कुणाला म्हणता येणार नाही.

मग भाच्याला रॉबर्ट पटनम सापडला. त्याचा १९८८ चा लेख सांगतो, की वाटाघाटी करणारा पुढारी एकाच वेळी दोन पाटांवर खेळत असतो. एका पाटावर समोरचा देश, दुसऱ्यावर घरातली माणसं. हे मात्र सगळ्यांना एकदम पटलं. कांद्याच्या निर्यातबंदीत हेच होतं. बंदी ढाक्याला दिसते, पण ती घातलेली असते दिल्लीतल्या भाजीवाल्याच्या गिऱ्हाइकासाठी. पोराला विषय मिळाला. त्यानं त्याचं बारसं असं केलं : 'कृषी निर्यातनिर्बंध आणि शेजारी राष्ट्रांतील विश्वासतूट : एक द्विस्तरीय विश्लेषण'. कांदा हा शब्द नावात कुठंच नाही हे बहिणीनं दाखवून दिलं, तेव्हा त्यानं समजावलं, की शास्त्रात वस्तूचं नाव घेत नाहीत. नवी सून पूर्वी नवऱ्याचं घेत नसे तसं.

"आणि अण्णा, तुम्ही माझे प्राथमिक स्रोत आहात," तो दाजींना म्हणाला.

"त्येचं किती मिळत्यात?"

"स्रोताला काही मिळत नाही."

"मग त्या पासष्टातलं धा टक्के तरी दे."

दाजींचा मूळ प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता, म्हणून मी जुनी पानं चाळली. या विषयाचा जन्मच मुळी दुसऱ्याच्या पैशावर झालेला निघाला. जगातलं आंतरराष्ट्रीय राजकारणाचं पहिलं अध्यासन १९१९ साली निघालं, आणि ते लंडन-पॅरिसात निघालं नाही, तर वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ या समुद्रकाठच्या लहानशा गावात. पैसे दिले डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या दोन बहिणींनी, २०,००० पौंड. आजोबांनी कोळसा, रेल्वे आणि गोदी यांत मिळवलेले. पहिल्या महायुद्धात मेलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ. पुन्हा युद्ध होऊ नये, त्यासाठी कुणीतरी बसून अभ्यास करावा, असा भाबडा आणि मोठ्या मनाचा हेतू. १९३६ मध्ये त्या खुर्चीवर ई. एच. कार आला. त्यानं १९३९ मध्ये जे पुस्तक काढलं, त्यात डेव्हिससारख्या शांततावाद्यांच्या भाबडेपणाचीच चिरफाड केली. डेव्हिस खवळले. कार १९४७ पर्यंत खुर्चीवर होता. आणि युद्ध तर पुस्तक निघालं त्याच वर्षी सुरू झालं होतं.

मी हे दाजींना सांगितलं. त्यांनी थोडा वेळ विचार केला. "म्हंजी पैसं देणाऱ्याचा फायदा न्हाईच झाला." नाही झाला. "अन् त्या पुस्तकाचं काय?" ते अजून शिकवतात. "मंग कुणाचा तरी झाला," असा निवाडा देऊन ते मोटर चालू करायला गेले, कारण रात्रीची थ्री फेज आली होती.

पण वेल्सपर्यंत कशाला? दौंड तालुक्यातलं केडगाव घ्या. पुण्याहून दौंडकडं येणाऱ्या शटलमध्ये बसलेला माणूस ते स्टेशन रोज बघतो, आणि उतरणाऱ्यांच्या जागेवर डोळा ठेवण्याच्या गडबडीत पुढचं विसरतो. पुढं याच केडगावला मुक्ती सदन काढणाऱ्या पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला आणि १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. तिथं त्यांनी गावोगाव भाषणं केली, आणि १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी एक संघटनाच उभी राहिली. तिनं कबूल काय केलं? या बाईंच्या हिंदुस्थानातल्या विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसे देऊ. दहा वर्षांचं फंडिंग! आजच्या पीएचडीवाल्याला पाचेक वर्षांच्या वर कुणी उभं करत नाही. रमाबाईंनी परत येऊन १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन काढलं, ते पुढं पुण्याला आणलं, आणि १८८९ मध्येच अमेरिकेवर मराठीत एक आख्खं पुस्तकही लिहिलं. तिथलं सरकार, तिथले पक्ष, तिथल्या बायकांच्या सभा, सगळं. एका देशावर दुसऱ्या देशातल्या अभ्यासकानं लिहिलेला तो पक्का प्रबंध आहे. फक्त वर गाइडची सही नाही.

आणि अटी? त्याही होत्या. शाळेत धर्मप्रचार नको, असं ठरलं होतं. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तसा पुण्यात गहजब झाला, आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं. सल्लागार समिती, प्रगती अहवाल, पैसे देणाऱ्यांना पाठवायची पत्रं, अर्ध्यावर नाराज झालेले मार्गदर्शक... संशोधक विद्यार्थ्याच्या आयुष्यातलं काय राहिलं सांगा. १८९८ मध्ये केडगावला मुक्ती सदनाची इमारत उभी राहिली. बाई तिथंच १९२२ मध्ये वारल्या, हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर हातावेगळं करून.

भीमेच्या या पट्ट्याला आणखी एका फेलोशिपचे पाय लागलेत. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. दाजींच्या प्रश्नाचं उत्तर करारातच लिहिलेलं होतं : परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. त्या नोकरीत बडोद्यात त्यांना राहायला जागासुद्धा मिळू दिली गेली नाही, आणि दहा वर्षांतली काही दिवसांपलीकडं सरली नाहीत. १ जानेवारी १९२७ ला ते कोरेगाव भीमाच्या स्तंभापाशी आले होते. कोलंबियानं पीएचडी रीतसर बहाल केली तीही त्याच वर्षी. महिना साडेअकरा पौंडांतून कुणाचा किती फायदा झाला हा हिशोब मी दाजींपुढं मांडला नाही. तो त्यांना पाठ आहे. त्यांची दोन्ही पोरं फ्रीशिपवर शिकली नसली तरी मताचा अधिकार सगळ्यांनीच वापरलेला आहे.

आता आपल्याकडचं. इथंही पगारी पीएचडी असते, फक्त तिला पगार म्हणत नाहीत. नेट परीक्षेत वरचा क्रमांक आला की जेआरएफ. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढं ४२,०००. शिवाय फेलोशिप देणाऱ्या राज्याच्या संस्था, पुण्यात बार्टी आणि सारथी आहेत, नागपूरला महाज्योती आहे. फेलोशिप दरमहा असते हे खरं; दरमहा म्हणजे कुठल्या महिन्यात, हे संशोधनाचं स्वतंत्र क्षेत्र आहे. परीक्षेचंही तसंच. १८ जून २०२४ ला देशभरात नऊ लाखांहून जास्त मुलांनी नेट दिली, आणि १९ जूनला ती रद्द झाली. निर्यातबंदीलासुद्धा अधिसूचना निघून जहाजं अडकेपर्यंत काही वेळ लागतो. ती परीक्षा पुन्हा झाली ऑगस्ट-सप्टेंबरात.

त्याआधीच्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात सारथीच्या फेलोशिपवर चर्चा चालली असताना सत्ताधारी बाकांवरून सवाल आला होता, की ही मुलं पीएचडी करून काय दिवे लावणार? राज्यभर ओरड झाली, नंतर दिलगिरीही व्यक्त झाली. मला त्या सवालात फारसा राग येण्यासारखं वाटलं नाही. दाजींचाच प्रश्न होता, फक्त दाजींना टीए-डीए मिळत नाही. उत्तर मात्र शिरूर तालुक्यात आहे. पाबळला. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात पीएचडी झालेले, हिंदुस्तान लिव्हरमध्ये मोठ्या जागेवर असलेले गृहस्थ, १९८३ मध्ये मस्तानीच्या समाधीच्या त्या कोरडवाहू गावात येऊन राहिले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेली पोरं तिथं वेल्डिंग, गवंडीकाम, शेती आणि वायरिंग शिकतात. म्हणजे दिवे लावायचंच शिकतात, आणि फ्यूज उडाला तर तोही बसवतात. पुढं २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीनं आपल्या देशाबाहेर फॅब लॅब नावाची कार्यशाळा काढायची ठरवली, तेव्हा सुरुवातीच्या जागांत पाबळ होतं.

भाच्याच्या अर्जात आता एकच अडसर राहिला, शिफारसपत्राचा. जर्मनीतल्या मंडळींना दोन प्राध्यापकांची पत्रं हवीत, तीही गोपनीय, प्राध्यापकांनी थेट धाडलेली. त्याच्या एका सरांना हे पटेना. "मी पाठवायचं? तू टाईप करून आण, मी सही करतो." गोपनीय म्हणजे मला कळता कामा नये, असं भाच्याच्याच तोंडून ऐकल्यावर ते दुखावले. "तुझ्याबद्दल वाईट लिहीन असं वाटतं का तुला?" अखेर पत्र झालं. सदर विद्यार्थी गुणी, होतकरू असून माझ्या माहितीप्रमाणे त्याची वर्तणूक चांगली आहे. तो कोणत्याही आंदोलनात सहभागी नाही. त्यास पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा. खाली सही आणि गोल शिक्का. शिक्का ईमेलमधून नीट उमटत नाही म्हणून सरांनी दोनदा मारला. दुसरं पत्र पुण्यातल्या मॅडमनी दिलं. त्यात त्यांनी पोराचा कांद्यावरचा निबंध बारकाईनं वाचून दीड पान लिहिलं. अर्ज टिकला तर त्या दीड पानावर टिकेल.

तर अर्ज गेला. निकाल यायचा आहे. दाजींनी तोवर एक वेगळाच मुद्दा काढलाय, आणि तो मला गंभीरपणे घेण्यासारखा वाटतो. अ‍ॅबरिस्टविथसारख्या आडगावात कोळशाच्या पैशावर खुर्ची निघू शकते, तर घोडनदीला साखरेच्या आणि कांद्याच्या पैशावर का निघू नये? दोन्ही तालुक्यांत साखर कारखाने आहेत, बाजार समित्या आहेत, पतसंस्था तर चौकाचौकात आहेत. वार्षिक सभेत विषयपत्रिकेवर शेवटचा विषय असतो, 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय'. तिथं कुणीतरी उभं राहून ठराव मांडावा, की सभासदांच्या मुलामुलींपैकी एकाला दरवर्षी कांदा, ऊस आणि पाणी यांच्या परराष्ट्र व्यवहारावर संशोधन करायला पूर्ण पगार द्यावा. पासष्ट टक्के नको, शंभर टक्के. दाजी अनुमोदन द्यायला तयार आहेत. अट एकच, की पोरानं प्रबंधात कांद्याला कांदा म्हणायचं.

ठराव मंजूर होईपर्यंत ज्यांना बाहेर अर्ज करायचे आहेत त्यांना एक सूचना. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांची मुदत डिसेंबरच्या आसपास संपते. त्या दिवसांत आमच्याकडं ऊसतोड, कांद्याची लागण, लग्नांचे मुहूर्त आणि विद्यापीठाच्या परीक्षा एकदमच येतात, आणि सर कशात ना कशात अडकलेले असतात. शिफारसपत्र गणपतीतच मागून ठेवा.